कपाळाला करंट लावला तर लक्षात राहतं का?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय.

परवा द्वारका सर्कलजवळ मामाकडे गेले होते. (ट्रॅफिकबद्दल बोलत नाही, नाशिककरांना माहितीये.) मामेभाऊ स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याच्या टेबलावर नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी, स्पंज आणि वाटीत मिठाचं पाणी. म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणे, "ताई, कपाळाला लावलं की मेमरी वाढते. व्हिडिओत बघितलं."

गंमत म्हणजे हे अगदीच हवेतलं नाही. याला टीडीसीएस म्हणतात. डोक्याच्या कातडीवरून १ ते २ मिलिअँपिअर इतका बारीक करंट सोडायचा. त्याने मेंदूच्या पेशी थेट पेटत नाहीत, फक्त पेटायला थोड्या जास्त किंवा कमी तयार होतात. २००० साली जर्मनीत निट्शे आणि पॉलस यांनी हे दाखवलं. २००५ मध्ये फ्रेग्नी आणि सहकाऱ्यांनी १५ तरुणांच्या कपाळाच्या डाव्या बाजूला १० मिनिटं करंट दिला, आणि वर्किंग मेमरीच्या चाचणीत त्यांची उत्तरं थोडी जास्त बरोबर आली.

वर्किंग मेमरी म्हणजे काय? टपरीवरचा पोऱ्या "तीन कटिंग, एक बिनसाखर, दोन स्पेशल" डोक्यात धरून सुट्ट्या पैशांचा हिशोबही करतो ना, ती. पाठ केलेली राज्यघटनेची कलमं तिथे राहत नाहीत. म्हणजे भावाला हवं होतं ते मुळात वेगळंच होतं!

पुढे काय झालं? २०१५ मध्ये हॉर्वाथ आणि सहकाऱ्यांनी एका बैठकीच्या बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तर भरवशाचा फायदा दिसेना. त्यावर वादही झाले. २०१८ मध्ये मृतदेहांवर मोजमाप झालं, तेव्हा ७५ टक्क्यांपर्यंत करंट कातडी आणि कवटीतच अडकतो असं दिसलं. २०१९ मध्ये बोस्टनच्या राइनहार्ट यांनी साठीपुढच्या ४२ जणांना २५ मिनिटं करंट दिला आणि त्यांची वर्किंग मेमरी सुधारली. पण तो उलटसुलट वाहणारा करंट होता, प्रत्येकाच्या मेंदूची लय मोजून जुळवलेला. स्पंज-बॅटरीचं काम नाही ते.

मला जास्त खटकतो तो २०१३ चा ऑक्सफर्डचा प्रयोग. एका जागी करंट दिला तर नवीन अंकचिन्हं लवकर शिकली गेली, पण शिकलेलं आपोआप आठवणं बिघडलं. दुसऱ्या जागी दिला तर नेमकं उलट. परीक्षेच्या तोंडावर हा सौदा कोण करेल?

आणि घरच्या बॅटरीत करंट धरून ठेवणारं काही नसतं. कातडी ओली झाली की अडथळा कमी, करंट जास्त. स्पंज कुठे सुकला की सगळा करंट एका ठिपक्यातून जातो आणि कातडी भाजते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना कानात येणाऱ्या आवाजांवर टीडीसीएस देतात, पण तिथे मोजणारं यंत्र आणि शेजारी डॉक्टर असतात. फिट येणाऱ्यांनी किंवा डोक्यात धातू असलेल्यांनी तर घरी हात लावूच नये.

भाऊ सगळं ऐकून म्हणाला, "मग झोपू का?" रात्रीचा एक वाजला होता. म्हटलं, झोप. बॅटरी मी पर्समध्ये टाकून घेऊन आले.