उघड्यावर मांडलेला माल बेवारस नसतो

कापडाच्या धंद्यात माल दोन गोष्टींवर विकला जातो, पोत आणि नक्षी. पोत हाताला कळतो आणि नक्षी डोळ्याला. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर थबकते ते बहुतेक वेळा नक्षी पाहूनच. मात्र ही नक्षी येते कुठून, याचा विचार आपल्या व्यापारी बांधवांनी फारसा केलेला नाही. पूर्वी त्याची गरजही नव्हती. ग्राफच्या कागदावर चौकोन भरून बुट्टा बसवणारा नक्षीकार आपल्याच मोहल्ल्यात असे, स्क्रीन तयार करणारा कारागीर ओळखीचा असे, आणि दोघांची मजुरी त्यांच्या हातात पडत असे. एका रंगाला एक स्क्रीन लागे. खर्च मोठा, म्हणून चार जाणत्या माणसांना दाखवल्याशिवाय कोणी नवी डिझाईन छापायला घालत नसे.

डिजिटल छपाई आली आणि हे सगळे गणित बदलले. आता स्क्रीनची गरज नाही. चित्राची फाईल संगणकात घातली की यंत्र थेट कापडावर शाई सोडते, आणि थोड्या मीटरचा नमुनासुद्धा परवडतो. त्यामुळे मोबाइलवर दिसलेले चित्र बघता बघता दुपट्टा, कुर्ती किंवा उशीचा अभ्रा होऊन बाजारात येते. ते चित्र कोणाचे, असे विचारले तर उत्तर ठरलेले: ‘नेटवर होते.’ जणू नेट म्हणजे गावाबाहेरचे मैदान आणि तिथे पडलेली वस्तू उचलेल त्याची!

आम्हाला या लेखात एवढेच सांगायचे आहे की ती जागा एक भरलेली पेठ आहे. तिथे कारागीर बसलेले आहेत, त्यांच्यात देण्याघेण्याचे रिवाज आहेत, आणि तो रिवाज मोडणाऱ्याची बदनामीही होते. ज्या पेठेत आपण माल घ्यायला जातो त्या पेठेचे उसूल माहीत असणे हे व्यापाऱ्याचे पहिले काम आहे.

पेठ कशी आहे?

संगणकावर चित्र काढणाऱ्यांच्या या वस्त्या बऱ्याच जुन्या आहेत. अमेरिकेतील ‘डेव्हिअन्टआर्ट’ ऑगस्ट २००० मध्ये सुरू झाले. जपानमधील ‘पिक्सिव्ह’ २००७ पासून आहे. सिनेमा आणि व्हिडिओ गेमसाठी काम करणारे चित्रकार ‘आर्टस्टेशन’वर आपले काम मांडतात. इथे बसणाऱ्यांत नावाजलेले उस्ताद आहेत, तसेच नोकरी सांभाळून रात्री चित्र काढणारे आणि कॉलेजात शिकणारी मुले-मुलीही आहेत. कोणी चित्राच्या प्रती विकतो, कोणी ऑर्डरप्रमाणे चित्र काढून देतो, कोणी फक्त शिकण्यासाठी येतो.

पेठेचा पहिला रिवाज नावाचा. दुसऱ्याचे चित्र दाखवायचे तर चित्रकाराचे नाव आणि मूळ जागा सांगायची. त्यातही पुष्कळजण नुसत्या नावावर समाधान मानत नाहीत, आधी विचारायला सांगतात. जपानी चित्रकारांच्या पानावर तर ‘परवानगीशिवाय दुसरीकडे टाकू नये’ अशी ओळ सर्रास लिहिलेली असते. दुसरा रिवाज गिरवण्याचा. दुसऱ्याच्या चित्रावर कागद ठेवून गिरवल्यासारखे करून हात बसवायला हरकत नसते, पण ते आपले म्हणून मिरवायचे नाही आणि विकायचे तर मुळीच नाही. तिसरा रिवाज फुकट दिलेल्या सामानाचा. काहीजण फोटो, कागदाचे पोत, नक्षीचे तुकडे इतरांना वापरायला देतात, मात्र अटी घालतात: घरगुती कामाला चालेल, धंद्याला नाही, किंवा धंद्यालाही चालेल, पण नाव द्या. ‘फुकट’ एवढेच वाचून अटी न वाचणारा माणूस तिथे उद्धट समजला जातो. चौथा रिवाज सल्ल्याचा. समोरच्याने मागितल्याशिवाय त्याच्या कामातले दोष काढत बसायचे नाही. आणि मागितले तर नुसते ‘छान’ म्हणून निघून जायचे नाही, हात कुठे चुकला ते सांगायचे.

आपल्या कारखान्यात शागीर्दी केलेल्या माणसाला यातले काहीच नवे वाटणार नाही. उस्तादाचा बुट्टा गिरवून हात बसवणे ही शिकण्याची रीतच होती, पण तो बुट्टा घेऊन समोरच्या कारखानदाराकडे जाणाऱ्याला पुन्हा कोणी आपल्या चटईवर बसू देत नसे.

नाव हीच दुकानाची पाटी

एका नावासाठी हे लोक इतके का भांडतात, असे कोणी विचारील. त्याचे कारण धंद्याचे आहे. या कारागिराला दुकान नाही, दलाल नाही, गल्ला नाही. त्याचे चित्र हातोहात फिरते आणि ते पाहून कोणीतरी ‘मलाही असे काढून द्या’ म्हणत येते, हीच त्याची विक्री. चित्रावरचे नाव कापले की गिऱ्हाइकाला त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता बंद होतो. आपल्या थानावरचा शिक्का कोणी कापून टाकला आणि माल आपल्या नावाने विकला, तर आपल्याला जे वाटेल तेच त्याला वाटते.

आमच्याही बाबतीत हे घडले आहे. आम्ही मजुरी देऊन बसवून घेतलेल्या एका किनारीची हुबेहूब नक्कल एका व्यापाऱ्याने हलक्या सुतावर काढली आणि निम्म्या भावाने विकली. नुकसान पैशाचे झालेच, पण जुनी गिऱ्हाईके तो हलका माल आमचा समजून आम्हालाच बोल लावू लागली, ते जास्त लागले. ज्याचा नमुना चोरीला जातो त्याची पतही सोबत जाते.

टी-शर्टचा किस्सा

डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर जे घडले ते कापड विकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. तिथे एखाद्या चित्राखाली कोणी सहज लिहिले की ‘हे मला टी-शर्टवर हवे’, की थोड्याच वेळात ते चित्र छापलेला शर्ट भलत्याच दुकानांत विकायला येई. चित्रकारांना संशय आला की हे माणूस करीत नाही. कोणीतरी लावून ठेवलेला संगणकी प्रोग्राम असे शब्द हुडकतो आणि चित्र उचलतो. त्यांनी सापळा लावला. ‘ही साइट चोरीची चित्रे विकते, इथे खरेदी करू नका’ असा मजकूरच चित्र म्हणून टाकला आणि मित्रांना खाली ‘शर्टवर हवे’ असे लिहायला सांगितले. झाले! तो मजकूर छापलेले शर्ट त्याच दुकानांत विक्रीला लागले. पुढे काहींनी डिस्नेच्या मिकी माऊसचे चित्र पुढे केले, म्हणजे बड्या कंपनीचे वकील जागे होतील. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात. इथे अक्कल बाजूला ठेवून नक्कल चालली होती आणि जगभर हसे झाले.

यातला गंभीर भाग असा की त्या दुकानदारांपैकी कित्येकांनी ते चित्र पाहिलेसुद्धा नसेल. ‘माल कुठून आला ते मला माहीत नाही’ हे उत्तर चोरबाजारात चालते, पेढीवर चालत नाही.

मजुरीचा हिशेब

ऑर्डरप्रमाणे चित्र काढून देण्याच्या कामातही तिथे ठरलेली शिस्त आहे. चांगला चित्रकार भाव आधी सांगतो, काही रक्कम आगाऊ घेतो, कच्चे रेखाटन दाखवतो, फेरफार किती वेळा करून देणार ते ठरवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्र घरात लावायला हवे की मालावर छापायला, हे विचारतो; कारण दोन्हीचा भाव वेगळा असतो. घरासाठी घेतलेले चित्र हजार दुपट्ट्यांवर छापणे म्हणजे एका साडीच्या पैशात पूर्ण गाठोडे उचलण्यासारखे आहे.

या लोकांना सर्वांत जास्त चीड येते ती ‘पैसे नाहीत, पण तुमचे नाव होईल’ या बोलण्याची. आपण रंगाऱ्याला किंवा शिलाईवाल्याला असे कधी सांगतो का? मग चित्र काढणाऱ्या पोराला का सांगावे? त्याचा कच्चा माल दिसत नाही म्हणून त्याची मेहनत फुकट ठरत नाही.

आरोप करण्याचीही रीत असते

इन्साफ एकतर्फी नसावा, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या वस्त्यांत चोरीच्या नुसत्या संशयावरून शेकडो माणसे एखाद्यावर तुटून पडतात. आरोपी कित्येकदा पंधरा-सोळा वर्षांचे नवशिके पोर असते. डिसेंबर २०२२ मध्ये ‘रेडिट’च्या चित्रकला विभागातून व्हिएतनाममधील एका चित्रकाराला काढून टाकले गेले. त्याने पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेले चित्र यंत्राने तयार केल्यासारखे दिसते, एवढाच ठपका. तो बिचारा मूळ फाईल दाखवायला तयार होता, जिच्यात चित्राचा एकेक थर वेगळा दिसतो. ती पाहायची तयारी कोणी दाखवली नाही. उलट ‘दुसरी शैली शोध’ असे त्याला सुनावले गेले.

पंच म्हणून बसायचे तर आधी पुरावा पाहावा लागतो. शहाणे लोक सांगतात की प्रथम त्या माणसाला खासगीत विचारावे, दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, मग साइटच्या चालकांकडे तक्रार करावी. शिवाय शैली ही कोणाची मिळकत नसते. कैरीचा बुट्टा, वेलबुट्टी, जाळी हे सगळ्यांचे आहे. त्यावर कोणी एकट्याने हक्क सांगू नये. मात्र एकाने मेहनतीने मांडलेली विशिष्ट वेल, तिची वळणे आणि रंग जसेच्या तसे उचलणे वेगळे. हा फरक ओळखणे हीच कारागिरीची पारख.

यंत्राने आणलेला वाद

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे यंत्र खुले झाले. शब्दांत सांगा, ते चित्र काढून देते. ते शिकवण्यासाठी नेटवरची कोट्यवधी चित्रे वापरली गेली, आणि चित्रकारांना कोणी विचारले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये डेव्हिअन्टआर्टने स्वतःचे असे यंत्र आणले तेव्हा ज्याला आपली चित्रे यंत्राच्या शिक्षणासाठी द्यायची नसतील त्याने तसे कळवावे, असा नियम ठेवला. सदस्यांनी गदारोळ केला आणि कंपनीला नियम उलटा करावा लागला: परवानगी दिली नसेल तर नाहीच समजावे. पुढच्याच महिन्यात आर्टस्टेशनवर चित्रकारांनी निषेधाचे एकच चित्र आपापल्या पानावर लावले. जानेवारी २०२३ मध्ये तीन चित्रकारांनी अमेरिकेत दावा दाखल केला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने त्यांचे कॉपीराइटचे मुख्य मुद्दे पुढे चालवण्यास मान्यता दिली.

यंत्र वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. हातमागावर बसणाऱ्यांच्या काळात यंत्रमाग आला तेव्हाही वाद झाला होता. आमचे म्हणणे इतकेच की यंत्राने काढलेले चित्र हाताचे म्हणून विकू नये. पॉवरलूमचा माल हातमागाचा म्हणून खपवणे ही जशी फसवणूक, तशीच ही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र काढले की हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. भारत बर्न करारात सामील असल्याने त्या करारातील परदेशी चित्रकारांच्या कामालाही इथे संरक्षण आहे; ‘तो जपानला, आपण इथे’ हा हिशेब चालत नाही. हक्क विकला तरी चित्र आपले असल्याचे सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार कलम ५७ प्रमाणे राहतो. जाणूनबुजून हक्क मोडल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

कापडवाल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. डिझाईन म्हणून नोंदवता येण्यासारखे काम नोंदवले नाही, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कारखानदारी पद्धतीने त्याचे ५० हून जास्त नग काढले, तर त्या डिझाईनवरचा कॉपीराइट संपतो. सोफ्याच्या कापडावरील नक्षीबाबत दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये हेच धरले. कलाकृती कोणती आणि डिझाईन कोणते, याची कसोटी सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये गॅस वाहणाऱ्या ट्रेलरच्या नकाशांच्या खटल्यात घालून दिली. तात्पर्य, स्वतःची डिझाईन बाजारात किंवा नेटवर टाकण्याआधी डिझाईन कायदा २००० खाली नोंदवून घ्यावी. तिला १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते.

आपण काय करावे?

चित्र आवडले तर मूळ चित्रकार शोधावा. चित्राचाच शोध घेण्याची सोय मोबाइलवर आहे. त्याला सरळ लिहावे: आम्ही अमुक शहरातले कापड व्यापारी, हे चित्र इतक्या मीटरवर छापायचे आहे, आपला भाव सांगा. उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरू नये. सौदा ठरला तर कागद करावा. त्यात कोणते चित्र, कोणत्या मालावर, किती काळ आणि कोणत्या देशात, हे लिहावे. हक्क विकत घेताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. ऑर्डर देऊन काढून घेतलेल्या चित्राचा मालक कोण, हेही कागदावर यावे. छपाईवाल्याकडे फाईल देताना ती कोणाची, हे आपल्या वहीत नोंदवून ठेवावे. शक्य असेल तिथे मालाच्या चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव छापावे. त्याचा खर्च काहीच नाही.

आणि एक शेवटचे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुलामुलींचा हात चांगला आहे. मेंदीची नक्षी, खत्ताती, भरतकामाचे नमुने त्या मुली घरबसल्या काढतात, मोबाइलवर टाकतात, आणि त्यातले किती नमुने परक्या कापडावर छापले जातात हे त्यांना कळतही नाही. परक्याचे चित्र न विचारता उचलणारी पेठ उद्या आपल्या मुलीचेही चित्र तसेच उचलणार. व्यापारी मंडळींनी आजच विचारून घेण्याची आणि मोबदला देण्याची सवय लावली, तर त्या मुलींच्या हातातही मजुरी पडेल आणि आपल्याला दुकानाशेजारीच नवा नक्षीकार मिळेल.