पहिल्या बोलपटाचा अबोल नायक

औरंगपुऱ्यात पुस्तकं चाळताना मुखवट्यातला तलवारबहाद्दर झोरो दिसला, की मला मास्टर विठ्ठल आठवतात. झोरो १९१९ साली अमेरिकेतल्या एका स्वस्त कथासाप्ताहिकात जन्मला. पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सने त्याला पडद्यावर आणलं. मग रॉबिन हूडही रंगवला.

आपल्याकडे ‘भारताचा फेअरबँक्स’ म्हणून गाजले ते मास्टर विठ्ठल. ‘रतन मंजरी’पासून (१९२६) त्यांनी मूकपटांत असेच धाडसी वीर साकारले. तिथं आवाजाचं कामच नव्हतं. घोडदौड आणि तलवारीचे हात पुरत.

मग अर्देशीर इराणींनी त्यांना ‘आलम आरा’साठी घेतलं. जुन्या कंपनीनं करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांच्या बाजूनं बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि जिंकले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये भारताचा पहिला बोलपट झळकला. पण विठ्ठल यांना संवाद जमेनात. म्हणून नायकाला बराच वेळ अर्धवट शुद्धीत दाखवलं गेलं!

कोर्टात त्यांच्यासाठी नामवंत बॅरिस्टर बोलला; पडद्यावर मात्र ज्याचं त्यालाच बोलावं लागतं. नवं तंत्र आलं, की कालचा हुकमी गुणही अपुरा पडतो, तो असा.