यंत्र हें करण, कर्ता कोण?

संगणकशास्त्राची पदवी घेऊन नोकरीस लागलेला मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षांनीं घरीं सांगते कीं, आतां माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास करावयाचा आहे. आई-वडिलांस कोडें पडतें. संगणकाचें काम येतें, पगारहि बरा आहे. मग हातची नोकरी सोडून व बँकेचें कर्ज काढून आणखी दोन वर्षें शिकावयाचें तें काय? हा प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत निघतो. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुतार करवतीनें फळी कापतो, या वाक्यांत करवत हें करण व सुतार हा कर्ता, हें व्याकरण शिकलेल्या कोणासहि ठाऊक आहे. फळी वांकडी कापली गेली तर करवतीस कोणी जाब विचारीत नाहीं. संगणकशास्त्राची पदवी मुख्यतः करणाचें ज्ञान देते. व्यवस्थापनाच्या अभ्यासांत कर्त्याचें कर्तव्य शिकावयाचें असतें.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, तें एका घडलेल्या गोष्टीवरून दिसेल. ब्रिटनमधील टी. एस्. बी. या बँकेचे व्यवहार पूर्वी लॉइड्स बँकेच्या संगणक-व्यवस्थेवर चालत. स्पेनमधील सबादेल बँकेनें २०१५ सालीं टी. एस्. बी. विकत घेतली व तिच्या ५० लक्षांहून अधिक ग्राहकांचीं खातीं नव्या व्यवस्थेवर नेण्याचें ठरलें. एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारीं हें स्थलांतर उरकण्यांत आलें. खात्यांची माहिती सुखरूप पोंचली. परंतु नवी व्यवस्था सुरू होतांच कोलमडली. १९ लक्षांपर्यंत ग्राहकांस आपलींच खातीं पाहतां येईनात. ज्यांचें पेन्शन व घरखर्चाचा पैसा तेथें अडकला, त्यांची अवस्था वाचकांनींच कल्पावी. सर्व व्यवहार पूर्ववत् होण्यास डिसेंबर उजाडला.

पुढें चौकशी झाली. माहिती-केंद्रें दोन असतां चांचणी एकाचीच झाली होती, असें उघड झालें. डिसेंबर २०२२ मध्यें नियामकांनीं बँकेस ४ कोटी ८६ लक्ष ५० हजार पौंड दंड केला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहून बोधप्रद गोष्ट २०२३ सालीं घडली. त्या बँकेच्या माजी मुख्य माहिती-अधिकाऱ्यास व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला. यंत्र समजत नव्हतें हा त्याचा दोष नव्हे. ज्या कंपनीकडे काम सोंपविलें होतें, तिच्या तयारीची त्यानें पुरेशी खातरजमा करून घेतली नाहीं, हा त्याचा दोष ठरला.

आतां या अभ्यासांत काय शिकवितात, तें समजणें सोपें जाईल. काम दुसऱ्याकडे देतांना करार कसा करावा. चांचणी पुरी झाली असें केव्हां म्हणावें. नवी व्यवस्था फसल्यास जुनीवर परतण्याचा मार्ग कसा राखावा. खर्चाचा अंदाज कसा बांधावा. हे त्यांतील प्रमुख विषय. अमेरिकन तज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं १९७५ सालीं दाखवून दिलें कीं, मागें पडलेल्या कामावर नवीं माणसें घातल्यास तें बहुधा आणखीच मागें पडतें. स्वयंपाकघरांत ऐन पंगतीच्या वेळीं चार अनोळखी हात मदतीस आल्यास काय होतें, हें गृहिणींस सांगावयास नको. कायद्याचें ज्ञानहि लागतेंच. लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणांत हयगय झाल्यास आपल्याकडील २०२३ च्या कायद्यांत २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अशा शिक्षणाची सोय आपल्याकडेहि आहे. पुण्यांत सिंबायोसिसनें १९९९ सालीं याच विषयाकरितां स्वतंत्र संस्था काढली. तेथें दोन वर्षांचा एम्. बी. ए. अभ्यासक्रम चालतो. मात्र कोणत्याहि संस्थेंत प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं इमारत व जाहिरात पाहून भुलूं नये. शिकविणाऱ्यांपैकीं किती जणांनीं स्वतः मोठीं कामें चालविलीं आहेत, फसलेल्या कामांचा अभ्यास तेथें होतो कीं केवळ यशाच्या कथा सांगतात, आणि कर्जाचा हप्ता पहिल्या पगारांतून झेपेल काय, याची चौकशी करावी.

पदवी हातीं पडतांच या अभ्यासाकडे धांवण्यापेक्षां दोन-तीन वर्षें प्रत्यक्ष काम करून जाणें आम्ही अधिक श्रेयस्कर मानतों. चालू व्यवस्था मध्यरात्रीं बंद पडलेली ज्यानें पाहिली आहे, त्यास पुस्तकांतील प्रत्येक प्रकरणाचा अर्थ लवकर लागतो.

शेवटीं, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं मुलास किंवा मुलीस जवळ बसवून एवढेंच विचारावें: हाताखालच्यांनीं केलेलें काम बिघडलें, तर जाब देण्यास तूं पुढें होशील काय? उत्तर विचारपूर्वक होकारार्थी आल्यास खुशाल पाठवावें. केवळ मोठ्या पगाराचीच गोष्ट निघाली, तर आणखी एक वर्ष नोकरींत राहूं द्यावें. त्यांत नुकसान कांहींच नाहीं.