आवाज पोचत नाही तिथे

समुद्रावरची धावपट्टी : लेखांक ५

पहिलं विमान उडायला अजून अवकाश असतो. निमिट्झ वर्गाच्या अमेरिकन विमानवाहू नौकेवर डेकची रुंदी भरेल एवढी माणसं खांद्याला खांदा लावून रांग धरतात आणि माना खाली घालून हळूहळू चालू लागतात. कुणाच्या कानातली कुडी अंगणात पडली की सगळं घर जसं वाकून फिरतं, तशी ही चाल. इथे शोधायचं असतं ते मात्र फुटकळ सामान : नट, वायसर, तारेचा तुकडा, पेनचं टोपण. सुरू असलेलं जेट इंजिन समोरची हवा ओढून घेतं, आणि हवेबरोबर जे येईल तेही. एवढासा स्क्रू आत गेला तरी वेगाने फिरणारी पाती तुटतात, आणि हे कॅटापल्टवरून, म्हणजे विमानाला वेग देऊन फेकणाऱ्या यंत्रावरून, सुटताना घडलं तर सावरायला खाली धावपट्टी नसते, पाणी असतं. म्हणून ३३३ मीटर लांबीचा, साडेचार एकरांचा तो पसारा नजरेने झाडून काढायचा. ज्याला जमेल तो रांगेत येतो, मग हुद्दा काहीही असो.

गेल्या लेखांकात नौका वाऱ्याच्या तोंडाला का वळते ते आपण पाहिलं. आज त्या डेकवर पायी वावरणारी माणसं. त्यातली बरीचशी विशीच्या आतबाहेरची. वर्षभरापूर्वीपर्यंत यांतल्या काहींनी समुद्रसुद्धा पाहिलेला नसतो.

अरुंद गल्लीत ट्रक मागे घेताना क्लीनर मागच्या फळीवर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ करतो आणि ‘बस्स’ म्हणताच ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो. डेकवर चालणारं कामही मुळात हेच. फक्त ट्रकच्या जागी वीस-पंचवीस टनांचं लढाऊ विमान, भिंतीच्या जागी दुसऱ्या विमानाचा पंख किंवा सरळ समुद्र, आणि थाप मारून उपयोग शून्य. पूर्ण ताकदीने चालणाऱ्या इंजिनाजवळ आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो. कानांत बोळे, त्यावर कानझाकणीचं शिरस्त्राण, डोळ्यांना गॉगल. ओरडून बोलण्याचा प्रश्नच येत नाही. शिरस्त्राणात रेडिओ असतो तो मोजक्यांच्याच. उरतात हात आणि सदऱ्यांचे रंग.

पिवळा सदरा म्हणजे विमान चालवत नेणारा. म्हणजे चालवतो वैमानिकच, पण इंचभरही हलायचं तर या पोराच्या हातांकडे बघून. त्याच्या खुणांना एक व्याकरण आहे : कमरेच्या वर केलेली खूण वैमानिकासाठी, कमरेखालची डेकवरच्या सोबत्यांसाठी. एकाच वेळी एकाच अंगाने दोन वेगळ्या माणसांशी बोलायचं, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याने आपलं समजू नये एवढी सफाई हवी. रात्री हेच सगळं हातातल्या प्रकाशकांड्यांनी.

नव्या भरतीला सहसा निळा सदरा मिळतो. विमान थांबलं रे थांबलं की त्याखाली शिरून चाकांना ठोकळे लावायचे, डेकला साखळ्यांनी जखडायचं, पुन्हा हलवायचं असेल तेव्हा सोडवायचं. साखळ्या खांद्यावर टाकून दिवसभर पळणं, हा उमेदवारीचा काळ. यातून तावूनसुलाखून निघालेल्यातून पुढचे पिवळे सदरे तयार होतात. जांभळे इंधनवाले. त्यांना डेकवर ‘द्राक्षं’ म्हणतात. नाशिककरांनी हक्क सांगायला हरकत नाही. ते भरतात ते जेपी-५ हे इंधन मुद्दाम जड घडवलेलं असतं, म्हणजे साधारण ६० अंश सेल्सिअसच्या खाली त्याची वाफ पेट घेण्याइतकी होत नाही. पोलादी खोक्यात हजारो माणसं आणि इंधन एकत्र ठेवायचं तर ही खबरदारी घ्यावीच लागते. लाल सदऱ्यात दारूगोळावाले आणि अपघाताच्या वेळी आगीत शिरणारे, पांढऱ्यात सुरक्षा आणि वैद्यकीय मंडळी, हिरव्यात कॅटापल्ट व उतरणारं विमान अडवणारे अडकदोर सांभाळणारे आणि विमानांचे मेकॅनिक.

तपकिरी सदऱ्याची गंमत वेगळी. त्याला म्हणतात ‘प्लेन कॅप्टन’. वय वीस, हुद्दा साधा, पण विमान त्याचं. तो ते पुसतो, तपासतो, वैमानिकाचे पट्टे आवळून देतो. विमानाच्या अंगावर वैमानिकाचं नाव रंगवलेलं असतं, तसं याचंही असतं. वैमानिक विमान काही तास वापरायला नेतो आणि परत आणून देतो, असाच त्यांच्यातला अलिखित करार. मोटार उसनी दिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो उतरणाऱ्या विमानाकडे बघणाऱ्या तपकिरी सदऱ्याच्या चेहऱ्यावर असला तर नवल नाही.

या सगळ्यांच्या सोंगट्या हलवणारा माणूस डेकलगतच्या एका लहान खोलीत बसतो. त्याच्यापुढे टेबल, टेबलावर डेकचा नकाशा, त्यावर विमानांच्या आकाराचे कापलेले तुकडे. कुठल्या विमानाला इंधन हवं, कुठलं नादुरुस्त, हे दाखवायला त्या तुकड्यांवर ठेवतात रंगीत टाचण्या आणि, होय, नट. डेकवर सापडला तर अनर्थ ठरेल असा नट इथे मात्र हिशेबाचा भाग होतो. आता संगणकाचे पडदेही आलेत. पण वीज गेली तरी टेबल बंद पडत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

आता विमान कॅटापल्टवर आलंय. मागे ज्वाळा अडवणारी पोलादी भिंत वर आली. पुढच्या चाकाचा दांडा खाचेत अडकला. वाफेच्या जोरावर सुमारे ९५ मीटरच्या पट्टीत, दोन-तीन सेकंदांत, विमानाला ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर वेग द्यायचाय. किती वाफ, हे ठरतं विमानाच्या वजनावर. कमी पडली तर विमान टोकावरून थेट पाण्यात. जास्त झाली तर पुढचं चाकच उखडायचं. म्हणून एक हिरवा सदरा वजनाचा आकडा लिहिलेली पाटी वैमानिकासमोर धरतो. आकडा बरोबर असेल तर वैमानिक अंगठा वर करतो, नसेल तर हाताने वर-खाली खुणा करून दुरुस्त करून घेतो. मग तीच पाटी कॅटापल्टवाल्यांना. तिथे पुन्हा ताळा. अंगाला काळ्यापांढऱ्या चौकटींचा सदरा घातलेले तपासनीस विमानाभोवती शेवटची नजर फिरवतात. वैमानिक सलाम करतो, उड्डाण अधिकारी आजूबाजूला एकदा पाहून खाली वाकतो, डेकला हात टेकवतो. विमान सुटतं.

यात नीट पाहिलं तर कुणी कुणावर भरवसा टाकलेला दिसत नाही. पाटीवाल्याला ठाऊक असलेला आकडा वैमानिकालाही ठाऊक असतोच, तरी दाखवायचा. मेकॅनिकने पाहिलेलं तपासनीस पुन्हा पाहतो आणि मेकॅनिकला त्याचा राग येत नाही. आपल्याकडे ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न दुखावून विचारला जातो. डेकवर त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते कुणाला लागत नाही.

हे शिकायला किंमत मोजावी लागली. २९ जुलै १९६७ ची सकाळ, व्हिएतनामलगतचं टोंकिनचं आखात, ‘फॉरेस्टल’ ही नौका. अकराला काही मिनिटं कमी होती. डेकच्या मागच्या भागात बॉम्ब लादलेली विमानं दाटीने उभी. एका फँटम विमानाची वीज बाहेरच्या यंत्रावरून आतल्या यंत्रणेवर घेताना क्षणभर दाब वाढला आणि त्याच्या पंखाखालचं झुनी रॉकेट सुटलं. समोरच्या स्कायहॉकची इंधनटाकी फुटली. रॉकेट असं सुटू नये म्हणून दोन स्वतंत्र अडसर ठेवलेले होते : वीजजोडणी कॅटापल्टवर पोचल्यावरच करायची, आणि तोवर सुरक्षापिन जागेवर ठेवायची. उड्डाणं लवकर व्हावीत म्हणून जोडणी रांगेतच उरकण्याची सवय लागली होती. पिनही त्या दिवशी जागेवर नव्हती. एक अडसर ढिला करणाऱ्यांनी दुसऱ्याचा आधार धरला, एवढीच ती चूक.

पुढचं चित्रफितीत आहे. आग विझवणाऱ्या पथकाचे प्रमुख चीफ जेराल्ड फॅरियर हातात लहान अग्निशामक घेऊन तापत चाललेल्या बॉम्बकडे धावताना दिसतात. पथकाची समजूत होती की हातात काही मिनिटं आहेत. पण त्या दिवशी काही विमानांवर जुन्या साठ्यातले, उष्णतेला लवकर दगा देणारे बॉम्ब होते. दीड मिनिटाच्या सुमारास पहिला फुटला. फॅरियर गेले, आणि आग विझवायचं शिक्षण घेतलेले बहुतेक जण एका झटक्यात मेले किंवा जखमी झाले. उरलेल्यांनी जिवाची पर्वा केली नाही, पण त्यांना शिकवलंच नव्हतं. एकाने फेस मारायचा, दुसऱ्याने पाण्याचा फवारा मारून तो धुऊन टाकायचा, असं होत राहिलं. १३४ माणसं गेली, १६१ जखमी झाली. आज नौकेवरच्या प्रत्येकाला, मग तो स्वयंपाकी का असेना, आग विझवणं शिकावं लागतं, आणि नॉरफॉकच्या प्रशिक्षण शाळेला फॅरियर यांचं नाव आहे.

उतरणारं विमान हा तर रोजचाच अपघात म्हणायचा, फक्त ठरवून केलेला. शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात अडकतो आणि शंभरेक मीटरमध्ये सगळं थांबतं. टेकताक्षणी वैमानिक इंजिन पूर्ण जोराने सोडतो, कारण हुक चुकलाच तर पुन्हा उडता आलं पाहिजे. दोर किती ओढ सहन करून सैल सोडायचा हे डेकखालच्या यंत्रावर प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे लावतात. १८ मार्च २०१६ ला ‘आयझेनहॉवर’वर हॉकआय विमान उतरताना दोर तुटला. विमान कडेवरून खाली दिसेनासं झालं आणि पाण्याला टेकण्याआधी वैमानिकांनी ते पुन्हा वर खेचलं. पण तुटलेल्या दोराचा फटकारा डेकवरून फिरला आणि आठ जण जखमी झाले. चौकशीत समोर आलं ते असं : आदल्या बिघाडानंतर यंत्र पूर्ववत करताना पायरी सुटली होती, आणि ज्या पुस्तिकेवरून ते काम चाललं होतं तिच्यातच पुरेसा इशारा नव्हता. पोरांनी पुस्तिका उघडली होती. पुस्तिकेला कुणी तपासलं नव्हतं.

मुंबईकरांच्या पायांनाही असा डेक ठाऊक आहे. जुन्या ‘विक्रांत’वर वाफेचं कॅटापल्ट होतं, १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरच्या सी-हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षं ती मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती आणि कितीतरी शाळांच्या सहली तिच्यावरून फिरून आल्या. आजच्या ‘विक्रमादित्य’ आणि नव्या ‘विक्रांत’वर कॅटापल्ट नाही. विमान रोखून धरायचं, इंजिन पूर्ण तापू द्यायचं आणि सोडून द्यायचं. नाकाशी वर वळलेला उतार त्याला उचलून देतो. रंगीत सदरे इथेही आहेत, अडकदोरही आहेत.

याचा सराव चालतो गोव्यात. दाबोळीला उतरणाऱ्या पर्यटकाला तो विमानतळ वाटतो, पण मुळात ते ‘आयएनएस हंसा’, नौदलाचं ठाणं. तिथे जमिनीवरच नौकेच्या नाकासारखा उतार आणि अडकदोर बांधलेत. सप्टेंबर २०१९ मध्ये तेजसच्या नौदल आवृत्तीने पहिल्यांदा दोर पकडला तो इथेच, आणि ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळंकर यांनी तेच विमान समुद्रातल्या ‘विक्रमादित्य’वर उतरवलं.

अमेरिकन डेकवर १९८० च्या दशकात बर्कले विद्यापीठाचे अभ्यासक जाऊन राहिले : जीन रोचलिन, टॉड ला पोर्ट, कार्लीन रॉबर्ट्स. इतकी कोवळी माणसं, सतत बदलणारी, एवढं अवघड काम एवढ्या कमी चुकांत कशी करतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांना आढळलं की वरवर कडक दिसणाऱ्या या फौजेत उड्डाणं चालू असताना अधिकार खाली सरकतो. धोका दिसला तर सर्वांत कनिष्ठ खलाशीही उतरतं विमान परतवू शकतो, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

विमानवाहू नौकांच्या अभ्यासात ‘कार्ल विन्सन’वरचा एक प्रसंग हमखास निघतो. उड्डाणं चालू असताना एका साध्या खलाशाच्या लक्षात आलं की आपलं एक अवजार डेकवर कुठेतरी पडलंय. गप्प बसला असता तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. त्याने सांगितलं. हवेत असलेली सगळी विमानं जमिनीवरच्या तळांकडे वळवण्यात आली, डेकवरचं काम थांबलं, आणि अवजार सापडेपर्यंत माना खाली घालून शोध चालला. दुसऱ्या दिवशी डेकवर सगळ्यांना जमवून त्या खलाशाचा समारंभाने गौरव झाला. अवजार हरवल्याबद्दल नव्हे, हे सांगायला नकोच.

(पुढील लेखांकात : डेकच्या कडेला उभं राहून उतरणाऱ्या वैमानिकाला गुण देणारा माणूस)