यंत्रमानवाच्या तासाला मराठीचा धडा

शाळेत यंत्रमानव तयार करण्याचा उपक्रम म्हटला की मोटार, चाके, तारा आणि संगणक एवढेच साहित्य डोळ्यांसमोर येते आणि त्याची जबाबदारी विज्ञान किंवा संगणकाच्या शिक्षकांकडे जाते. प्रत्यक्षात समस्या समजून घेताना, यंत्राला द्यायच्या सूचना ठरवताना, चाचण्यांची नोंद ठेवताना आणि तयार झालेले यंत्र इतरांना समजावून सांगताना विद्यार्थ्याची कसोटी भाषेतच लागते. श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन ही भाषाशिक्षणातील चारही कौशल्ये खऱ्या गरजेपोटी एकत्र वापरावी लागतील, असे प्रसंग शालेय जीवनात थोडेच येतात. म्हणून रोबोटिक्सच्या घटकात भाषेच्या तासाला हक्काचे स्थान मिळणे अगत्याचे आहे.

हा विचार आता तातडीचाही झाला आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने करून पाहण्याच्या प्रयोगशाळा, उभ्या राहिल्या असून त्यासाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली आहे. साहित्य शाळेपर्यंत पोहोचत असताना ते वापरणारी मुले विचार कशी मांडतात, याकडेही तितकेच लक्ष जायला हवे.

यंत्र आणि भाषा यांच्या या संबंधाचे उत्तम उदाहरण नाशिकला घरचेच आहे. २००३च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता, आणि २०१५च्या सिंहस्थापूर्वी, मूळचे नाशिकचे असलेले एमआयटीतील प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘कुंभथॉन’ या उपक्रमात, शहरातील विद्यार्थी, अभियंते आणि नागरिक मेळ्यातील अडचणींवर उपाय शोधण्यासाठी एकत्र आले. त्यातूनच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाचा ‘आशिओटो’ हा प्रकल्प पुढे आला. त्यात वाटेवर अंथरलेली, दाबाला प्रतिसाद देणारी चटई तिच्यावरून जाणाऱ्यांची मोजणी करून ती माहिती इंटरनेटद्वारे पाठवत असे. ‘गर्दी आटोक्यात यावी’ ही इच्छा झाली, तर ‘या वाटेने ठरावीक वेळात किती माणसे पुढे गेली, हे कसे कळेल?’ हा यंत्राने सोडवता येण्याजोगा प्रश्न झाला. इच्छेचे अशा प्रश्नात रूपांतर करणे हे कोणत्याही यंत्ररचनेचे पहिले काम असते आणि ते शब्दांतच करावे लागते. पुढे हाच प्रकल्प टेडच्या व्यासपीठावरून जगासमोर मांडला गेला, तेव्हा यंत्राइतकेच त्याविषयीचे सुसंगत निवेदनही उपयोगी पडले.

सूचनालेखनाचे महत्त्व एका साध्या प्रयोगातून स्पष्ट होते. समोरची वस्तू ओळखून थांबणाऱ्या छोट्या गाडीला अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलेला असतो. हा संवेदक माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. विद्यार्थी प्रथम लिहितो, ‘समोर अडथळा आला की थांब.’ किती जवळ आल्यावर, हा प्रश्न निघताच वाक्य बदलते: ‘वस्तू २० सेंटिमीटरपेक्षा जवळ आली तर मोटारी बंद कर आणि ती दूर झाली की पुन्हा सुरू कर.’ तरीही वस्तू नेमकी त्या सीमेवर असली की संवेदकाचे मापन कधी १९, कधी २१ असे हलत राहते आणि गाडी गचके खाते. मग तिसरे वाक्य लिहावे लागते, ‘एकदा थांबल्यावर अंतर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त झाल्याशिवाय निघू नकोस.’ एरवी परीक्षेपुरता पाठ होणारा उभयान्वयी अव्ययांचा धडा येथे प्रत्यक्ष कामाला येतो, कारण गाडीला दोन संवेदक असतील, तर ‘डावीकडे आणि उजवीकडे अडथळा असेल तर थांब’ आणि ‘डावीकडे किंवा उजवीकडे अडथळा असेल तर थांब’ या दोन सूचनांनी गाडीचे वागणे पूर्णपणे बदलते.

या विचाराला जुनी परंपरा आहे. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी १९६७मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा विकसित केली. तिच्यातील शब्दांनी मुले पडद्यावरच्या किंवा जमिनीवर फिरणाऱ्या यंत्ररूपी कासवाला चालवत, आणि कासव चुकले की मुले आपलीच सूचना पुन्हा वाचून दुरुस्त करत. आपले लेखन दुसऱ्याला कसे समजेल, याचा विचार करून ते सुधारण्याची हीच सवय भाषेच्या शिक्षकालाही मुलांमध्ये हवी असते.

निफाड किंवा दिंडोरी परिसरातील शाळेने द्राक्षबागेसाठी जमिनीतील ओलावा मोजणारे यंत्र करायचे ठरवले, तर भाषेचे काम बागेपासूनच सुरू होते. पाणी केव्हा द्यायचे, हे अनुभवी बागायतदार मूठभर माती दाबून आणि जमिनीत वापसा आहे की नाही, म्हणजे हवा आणि ओल यांचा योग्य मेळ आहे की नाही, हे पाहून ठरवतो. संवेदक मात्र आर्डुइनोसारख्या नियंत्रक पाटीवर ० ते १०२३ यांमधील एक आकडा देतो. या दोहोंचा मेळ घालायचा, तर विद्यार्थ्याला नेमके प्रश्न तयार करून बागायतदाराची मुलाखत घ्यावी लागते, त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे लागते आणि मातीचे वर्णन व यंत्राचा आकडा शेजारी शेजारी, तारीख-वेळेसह नोंदवावा लागतो. ‘यंत्र चालले नाही’ या शेऱ्याचा कोणालाच उपयोग नसतो. ‘काल पाणी दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यात सारखाच आकडा आला’ या नोंदीतून मात्र पुढच्या तपासणीची दिशा मिळते.

यासाठी वेगळा अभ्यासक्रम आखण्याची गरज नाही. दहावीच्या ‘कुमारभारती’तील उपयोजित लेखनात पत्र, सारांश, जाहिरात आणि बातमी, तर बारावीच्या ‘युवकभारती’त मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख हे लेखनप्रकार आहेतच. काल्पनिक विषयाऐवजी मुलांनी स्वतः केलेले यंत्र हा त्यांचा विषय झाला, तर सांगण्यासारखे काही हाताशी असते. वाचनासाठीही मराठीत सकस साहित्य आहे. नाशिकला डिसेंबर २०२१मध्ये झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी बुद्धिमान यंत्रमानवाविषयीच असून, यंत्राला किती स्वातंत्र्य द्यावे, यावर वर्गात तिच्या आधारे वादविवाद घडवता येतो.

मूल्यमापनात मात्र बदल व्हायला हवा. फर्स्ट लेगो लीग या आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेत यंत्रमानवाच्या मैदानावरील कामगिरीबरोबर त्याची रचना, संशोधन प्रकल्प आणि संघभावना यांनाही समान महत्त्व असते, आणि या बाबी संघाला परीक्षकांसमोर बोलून मांडाव्या लागतात. शाळांनीही यंत्र चालण्याला काही गुण ठेवून उरलेले गुण नोंदवही, सूचनालेखन, अहवाल आणि तोंडी सादरीकरण यांना द्यावेत आणि ते मराठीच्या शिक्षकांनी तपासावेत. यंत्र बंद पडलेल्या गटालाही ते का बंद पडले, हे नीट लिहून श्रेय मिळवता येईल, आणि जोडणीत मागे राहणारी पण लिहिण्या-बोलण्यात पुढे असणारी मुलेही उपक्रमात मनापासून उतरतील.

नाशिककर कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. शाळांमध्ये हे दोन्ही दिवस साजरे होतात, पण वेगवेगळ्या शिक्षकांकडून आणि एकमेकांशी संबंध न ठेवता. पुढच्या फेब्रुवारीत जिल्ह्यातील मुख्याध्यापकांनी या दोन दिवसांचा एकच कार्यक्रम आखावा, विद्यार्थ्यांना आपापले यंत्र पालकांसमोर स्वच्छ मराठीत समजावून सांगू द्यावे आणि त्याची तयारी दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी वर्षाच्या आरंभीच एकत्र बसून सुरू करावी.