तास, जीबी, वेग आणि लाईनमन : धार-देवासच्या घरगुती इंटरनेटचा मागोवा

कुठल्या कंपनीचे इंटरनेट घ्यावे, हा प्रश्न मध्य प्रदेशातल्या धार-देवासच्या घरांत आता गॅस आणि विजेच्या बिलाइतकाच सवयीचा झाला आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाचे माप सारखे बदलत गेले. आधी तास मोजले, मग जीबी मोजले, मग वेग. ज्या घराने जुन्याच मापाने नवी योजना निवडली, त्याचे पैसे वाया गेले.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते मोठ्या शहरांत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही दार उघडले आणि ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएल स्थापन झाले. तेव्हा जोडणी टेलिफोनच्याच तारेवरून व्हायची. मोडेम किरकिरत राहायचा आणि तोवर घरचा फोन एंगेज. खर्च दोन ठिकाणी पडे : इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि फोनचे कॉल वेगळे. तासांचे कूपन स्वस्त दिसले, तरी जोडणीचा कॉल लोकल आहे की एसटीडी, यावर महिन्याचे गणित फिरायचे. वरच्या किमतीला भुलू नये, एकूण बेरीज पाहावी, हा पहिला धडा त्या काळाने दिला. तो आजही लागू आहे.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस हा किमान वेग ठरवला आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे डेटावन आले. फोनच्या तारेला एक छोटा स्प्लिटर लागला. बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालू लागले. हा बदल मोठा होता. मात्र आता डेटा मोजला जाऊ लागला. कोटा एक जीबीचा धरला, तर २५६ केबीपीएसने सलग उतरवल्यास तो सुमारे नऊ तास पुरे. जानेवारी २००७ मध्ये वेग २ एमबीपीएसपर्यंत वाढला आणि तोच एक जीबी सत्तर मिनिटांच्या आत संपू शकत होता. वेग वाढल्याचा आनंद बिल येईपर्यंतच टिके, कारण कोट्यावरच्या डेटाला जादा आकार होता. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे. मोठ्या फायली उतरवायला मुले तेव्हा जागत. ज्यांना हा हिशेब नको होता, त्यांनी महिना ९०० रुपयांची अमर्याद योजना घेतली, आणि २५६ केबीपीएसवर समाधान मानले.

खरी स्पर्धा फायबरने आणली. २०१९ मध्ये बीएसएनएलचे भारत फायबर आणि पाठोपाठ सप्टेंबरमध्ये जिओफायबर बाजारात आले. देवासला एका गावात दोन कारभार असणे काही नवे नाही. १९४८ पर्यंत पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती ही दोन संस्थाने इथे शेजारी-शेजारी नांदली. घर कुठल्या बाजूला आहे, यावर अंमल कोणाचा ते ठरे. फायबरचेही तसेच झाले. देशभर जाहिरात एकच असली, तरी आपल्या गल्लीच्या खांबापर्यंत कोणाची केबल आली आहे, यावरच खरी निवड ठरू लागली. धारच्या जुन्या वस्तीत एका आळीत तीन पर्याय, तर नव्या कॉलनीत एकच, असे होऊ शकते.

मग २०२० चा मार्च आला आणि कोरोनाची टाळेबंदी लागली. शाळा घरात आली, ऑफिस घरात आले. पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी मुले लॅपटॉप घेऊन आई-वडिलांकडे परतली. त्याच वर्षी दर उतरले. जिओची मूळ योजना ३९९ रुपये आणि ३० एमबीपीएस, बीएसएनएलची ४४९ आणि ३०, एअरटेलची ४९९ आणि ४०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३९९ चे प्रत्यक्षात ४७१ रुपये आणि वर्षाचे साधारण ५,६५० रुपये. ‘अमर्याद’ लिहिलेल्या योजनांनाही महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास सीमा होती. घरगुती वापर तिथवर सहसा जात नाही.

इथे एक मोह टाळायला हवा. १०० एमबीपीएसची ६९९ ची योजना एमबीपीएसमागे निम्म्या दरात पडते, म्हणून ती फायद्याची वाटते. पण एचडी चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. दोन टीव्ही, एक ऑनलाइन वर्ग आणि एक व्हिडिओ कॉल ३० मध्ये आरामात बसतात. न वापरलेला वेग कितीही स्वस्त असला, तरी तो खर्चच. आमच्याकडच्या मराठी घरांत जी गोष्ट जास्त मोलाची आहे, ती म्हणजे अपलोड. अमेरिकेतल्या नातवाला आजी नीट दिसायची, तर घरातून बाहेर जाणारा वेग चांगला हवा. जुन्या टेलिफोन-तारेवर अपलोड मुळातच कमी असे. फायबरवर दोन्हीकडचा वेग सारखा देणाऱ्या योजना मिळतात. हे आवर्जून विचारून घ्यावे.

२०२३ मध्ये तारेशिवाय चालणारे एअरफायबर आले. जिओचे दर ५९९ पासून सुरू झाले. फायबर न पोचलेल्या वस्त्यांना हा चांगला आधार आहे, पण दारापर्यंत फायबर असेल तर महिन्याला दोनशे रुपये जास्त का मोजावेत, असे मला स्पष्टपणे वाटते.

या सगळ्या वर्षांचा निष्कर्ष मी असा काढतो. फायबरच्या बॉक्सवरचा ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल झाला, की वेगाचे सगळे आकडे शून्य होतात. रस्ता खोदताना फायबर तुटते, पावसात जोड खराब होतो. तेव्हा लाईनमन त्याच दिवशी येतो की चार दिवसांनी, हाच खरा दर. म्हणून आधी त्याच खांबावरून जोडणी घेतलेल्या दोन शेजाऱ्यांना विचारा. जीएसटी, बसवण्याचा खर्च आणि राउटरची अनामत धरून वर्षाची बेरीज करा. सुरुवातीला महिन्याचेच पैसे भरा. एक पावसाळा नीट गेला, तर वर्षाची सवलत घ्या. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या घरी तर पन्नास रुपये जास्त देऊनही तीच कंपनी निवडा, जिचा माणूस गावातच राहतो आणि फोन उचलतो.