जुन्या प्रिंटरमध्ये नवी शाई: कृष्णधवल छपाई करताना

आजचा विषय ऐकायला साधा वाटतो. घरात दहा-पंधरा वर्षं जुना, पण ठणठणीत फोटो प्रिंटर आहे. त्याची मूळ शाई मिळणं अवघड झालंय, किंवा बाजारात त्याहून गडद काळी शाई आली आहे. ती या जुन्या यंत्रात भरून कृष्णधवल प्रिंट काढता येतील का? येतील. पण शाई बदलली आहे हे प्रिंटरला कळत नाही, ते आपण त्याला शिकवावं लागतं. एवढी एक गोष्ट आज घरी घेऊन जा.

आधी हे बघू की कृष्णधवल फोटोच इतका त्रास का देतो. रंगीत फोटोत आकाशाचा निळा थोडा इकडेतिकडे झाला, तर डोळा चालवून घेतो. पण करड्या चेहऱ्यावर किंचित हिरवी झाक आली, तर फोटोग्राफीतलं काहीही न कळणारा माणूससुद्धा म्हणतो, "हे आजारी होते का हो?" बरेच जुने प्रिंटर करडा रंग निळी, किरमिजी आणि पिवळी शाई एकत्र करून बनवायचे. असा प्रिंट खिडकीपाशी बरोबर दिसतो आणि दिव्याखाली नेला की गुलाबी किंवा हिरवट वाटतो. म्हणून रंगीत शाई कमी आणि काळी जास्त वापरायची.

पण एकच काळी शाई पुरत नाही. फिका करडा हवा असेल तर काळे ठिपके दूर दूर टाकावे लागतात, आणि मग गालावर तीळ विखुरल्यासारखे ते दिसायला लागतात. यावर उपाय म्हणजे पातळ केलेली काळी शाई. एप्सनने २००५ मध्ये 'अल्ट्राक्रोम के३' शाई आणली. तिच्यात एक पूर्ण काळी आणि दोन फिकट काळ्या, अशा तीन पायऱ्या एकाच वेळी वापरल्या जातात.

आता नीट लक्ष द्या. या तीन शाया खो-खो खेळतात. उजळ भागात सगळ्यात फिकी धावते, मग ती मधलीला खो देते, मधली पूर्ण काळीला. कुठे खो द्यायचा हे ड्रायव्हरमध्ये आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि तेही त्या शाईसाठी आणि त्या कागदासाठी. तुम्ही नवी, जास्त गडद शाई भरलीत, तरी ड्रायव्हर तेवढेच थेंब टाकणार. मग खो चुकतो. करड्या छटांमध्ये मध्येच पायरी दिसते, आणि काळा कोट व काळे केस मिळून एक गोळा होतो. म्हणजे शाई चांगली असूनही प्रिंट वाईट येतो.

एक उदाहरण घेऊ. एप्सनचा ३८८० हा २००९ चा प्रिंटर. त्यात ८० मिलिलिटरच्या नऊ कार्ट्रिज. पुढे २०१५ मध्ये पी८०० आला, त्याबरोबर 'अल्ट्राक्रोम एचडी' शाई आणि आधीपेक्षा गडद काळा. ही कार्ट्रिज ३८८० मध्ये सरळ चालत नाहीत, कारण चिप वेगळी. म्हणून लोक पुन्हा भरता येणारी कार्ट्रिज वापरतात. दुसरा मार्ग अमेरिकेतल्या जॉन कोन यांच्या 'पिझोग्राफी'चा. त्यात रंगीत शाया काढून त्यांच्या जागीही काळ्या-करड्या छटाच भरतात. छटा वाढल्या की खो जास्त वेळा आणि हळुवार होतो.

आता माझी फजिती सांगतो. माझ्याकडे असंच एक यंत्र होतं, ज्यात कार्ट्रिज एका जागी बसतात आणि शाई नळ्यांतून हेडपर्यंत जाते. एका कुटुंबाला गिरणीत काम केलेल्या आजोबांचे बारा फोटो मोठे करून हवे होते, वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला. मी शाई बदलली, चाचणी प्रिंट काढला. सुंदर! मग बाराही छापले आणि नेऊन दिले. भिंतीवर ओळीने लावल्यावर दिसलं, पहिले पाच तटस्थ करडे आणि पुढचे सगळे तपकिरी. आजोबा पाचव्या फोटोनंतर जणू दुसऱ्याच काळात गेले. चूक सर्वस्वी माझी. नळ्यांमध्ये जुनी शाई उरली होती. माझी चाचणी जुन्या शाईची झाली होती, नव्या शाईची झालीच नव्हती. बाराही पुन्हा छापून दिले.

म्हणून क्रम सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, यंत्र तपासा. नोझल चेक काढा, एकही रेघ तुटलेली नको. हेड मरायला टेकलं असेल तर महागाची शाई घेऊ नका.

दुसरं, डाय आणि पिगमेंट शाई कधीही एकमेकींत मिसळू नका. दोन वेगळ्या बनावटींच्या पिगमेंट शायाही मिसळल्यावर साकळू शकतात. आधी नळ्या धुऊन घ्या आणि नवी शाई हेडपर्यंत पूर्ण पोचू द्या. त्यानंतरच चाचणी करा.

तिसरं, प्रत्येक शाईची मर्यादा शोधा. एकेका शाईची शून्य ते शंभर टक्के पट्टी छापा. एका टप्प्यानंतर काळा आणखी काळा होत नाही, नुसती शाई साचते. तिथेच थांबायचं. रॉय हॅरिंग्टन यांचं 'क्वाडटोनरिप' हे सॉफ्टवेअर याच कामाचं आहे. कुठली शाई कुठे सुरू व्हावी आणि कुठे संपावी, हे त्यात आपण ठरवतो.

चौथं, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ घरांची पट्टी छापा, दिवसभर वाळू द्या आणि मग मोजा. मोजायचं यंत्र नसेल तर साध्या फ्लॅटबेड स्कॅनरनेही काम भागतं, फक्त त्याची आपोआप सुधारणा बंद ठेवा. घरं समान अंतराने गडद व्हायला हवीत. कागद बदलला की हे पुन्हा करायचं.

पाचवं, तो प्रिंट दिवसा खिडकीत, रात्री दिव्याखाली आणि ट्यूबलाइटखाली बघा.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे, "एवढ्या खटाटोपापेक्षा नवा प्रिंटर का घेऊ नये?" रास्त प्रश्न आहे. महिन्याला चार फोटो छापत असाल, आणि तेही रंगीत, तर नवाच घ्या. पिगमेंट शाई न वापरता पडून राहिली की हेड तुंबतं. पण कृष्णधवल हेच तुमचं काम असेल, तर जुनं यंत्र फक्त काळ्यासाठी राखून ठेवण्यात शहाणपण आहे.

दुसरा प्रश्न, "हे टिकेल किती?" बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका. एक पट्टी छापा, अर्धी जाड कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत सहा महिने ठेवा. काळी शाई कार्बनची असेल तर तिला उन्हाचं फारसं भय नसतं. आपल्या जुन्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिलेल्या आहेत. कागद पिवळा पडला, कडा झिजल्या, पण अक्षर काळंच राहिलं, कारण काजळी म्हणजे कार्बनच. मात्र करड्याला ऊब किंवा थंडावा देण्यासाठी त्यात रंगीत पिगमेंट घातलेलं असतं. ते आधी उडालं तर करड्याची झाक बदलते. म्हणून झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवून बघायचे.

त्या बारा फोटोंची एक-एक पट्टी मी आजही जपून ठेवली आहे, मागे तारीख आणि शाईचं नाव लिहून. तुम्हीही शाई बदलाल तेव्हा तेवढं नक्की करा. आणखी वीस वर्षांनी कुणी पुन्हा तोच फोटो मागायला आलं, तर हाताशी काहीतरी पुरावा असेल.